नळाखालचे हात

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मेकॅनिक कॉलेजच्या लिफ्टच्या टपावर उभा होता. डबा तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे थांबवून तो दोरांवरून कापसाचा बोळा फिरवत होता. पोलादाचा एखादा तंतू तुटलेला असला की कापूस तिथे अडकतो आणि डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. तेवढ्यात त्याला आपल्या मुलाचं गाणं ऐकू आलं. आधी त्याला काहीच वाटलं नाही. ओळखीच्या आवाजाने माणूस दचकत नाही. शेजारच्या खोलीत कुणी गुणगुणत असावं तसा त्याने तो कानाआड केला, पुढच्या दोराकडे वळला, आणि मग त्याचा हात जागच्या जागी थांबला. मुलाला जाऊन आठ महिने झाले होते.

उजेडासाठी त्याने चौथ्या मजल्याचं दार उघडं अडकवून ठेवलं होतं. कोपर टेकवून तो वर चढला आणि बोळा हातात तसाच धरून समोरच्या वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पडदे ओढलेले होते. वीसेक मुलंमुली बाकांवर बसलेली, आणि समोरच्या भिंतीवर पडलेल्या चित्रात एक मोरी. पांढऱ्या फरश्या, पितळी नळ, नळाखाली दोन हात. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी एका इस्पितळाच्या लिफ्टच्या दारात ते सापडलं होतं, तेव्हापासून ते तसंच वाढत आलं होतं. स्वतःचे हात माणूस दिवसभर बघतो, पण ते नेहमी वरून, आपल्या बाजूने. समोरून बघितलेले हात दुसऱ्या कुणाचे वाटतात. नखावरून त्याला ते ओळखू आले, आणि ओळखल्याबरोबर बोळा धरलेला हात त्याने पाठीमागे घेतला.

शिकवणाऱ्या बाईंनी चित्र तिथेच थांबवलं. गाणंही थांबलं. त्या म्हणाल्या, काय दिसतंय तेवढंच सांगा, अर्थ मागाहून. मुलं सांगू लागली. हात. पुरुषाचे. काळे. तेलकट. हा झाला वाच्यार्थ, असं म्हणून बाईंनी फळ्यावर लिहिलं, आणि शेजारी लिहिलं सूचितार्थ. मजूर, कुणी म्हणालं. यंत्र. थकवा. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, बाप. बाईंनी विचारलं, बाप कशावरून? तो म्हणाला, कारण तोंड दाखवलेलं नाही. वर्ग हसला. बाईही हसल्या आणि त्यांनी फळ्यावर ‘बाप’ असं लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. दारातल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खाकी कपड्यातला, हातात पान्हा नाहीतर बोळा असलेला माणूस दारात उभा असला की तो कशाचीतरी वाट बघतोय एवढंच लोक धरून चालतात.

मुलाच्या गाण्याचं हे चित्रीकरण त्याने कधी पुरतं बघितलं नव्हतं. मुलगा गेल्यानंतरच्या आठवड्यात नातेवाइकांनी फोनवर पाठवलं होतं, पुतण्याने तर टीव्हीला जोडून देतो म्हणून सांगितलं होतं, पण त्याने फोन पालथा घातला होता. गाणं त्याला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं, भिंतीपलीकडून. एकच ओळ तीस तीस वेळा. कामावरून आल्यावर कानात दिवसभराची घरघर असायची आणि तिच्यावर ही ओळ ठाकठाक वाजायची: वर जातो तो खाली येतो, मधे थांबतो त्याचं काय. असल्या गाण्यांना इंडी फोक म्हणतात हे त्याला आज कळलं. बाई सांगत होत्या, मोठ्या कंपनीविना, घरच्या खोलीत, लोकगीताच्या चालीचा आधार घेऊन केलेलं गाणं. त्यात खरेपणाचा एक देखावा असतो, आणि तो देखावा कसा उभा केलाय ते आपण बघायचं. मग त्यांनी एक वाक्य सांगितलं आणि मुलांनी ते वहीत उतरवलं. चौकटीत जे आहे ते कुणीतरी ठेवलंय, आणि जे नाही ते कुणीतरी काढलंय.

मेकॅनिकला हे ताबडतोब समजलं. वर्गातल्या एकालाही समजलं नसेल इतकं समजलं. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. लिफ्ट मजल्यापेक्षा दोन बोटं खाली थांबते, का? ब्रेक झिजलाय, की दोर ताणलाय, की कुणीतरी चुकीचा पट्टा बसवलाय. आपोआप काही होत नाही. खुणेवरून मागे मागे जायचं, फॉल्ट सापडेपर्यंत. मुलगा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो त्याचा शेवटचा आठवडा असाच तपासत होता. सोमवारी तो उशिरा उठला. मंगळवारी त्याने केस कापले. बुधवारी आईला घेऊन चष्म्याच्या दुकानात गेला, फ्रेम निवडायला मदत केली. केस कापून घेणारा माणूस, चष्म्याची फ्रेम निवडणारा माणूस, शुक्रवारी दुपारी स्वतःला संपवतो, हे कोणत्या तारेने कुठे जोडलेलं होतं? चिठ्ठी नव्हती. पोलीस दोनदा विचारून गेले, बायकोने चादरी झटकून बघितल्या, पुस्तकांची पानं उलटी धरून हलवली. त्याने मागे ठेवलेली गोष्ट एकच होती, तीन मिनिटं बेचाळीस सेकंदांची, आणि ती उलगडून सांगणारी माणसं इथे, त्याच्याच करारातल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर बसली होती. बाई सांगत होत्या की पुढचे चार मंगळवार हेच गाणं घेऊ, दर वेळी वेगळा सिद्धांत लावून.

तो खाली उतरला, लिफ्ट सुरू करून दिली आणि नोंदवहीत सही केली. घरी बायकोला काही सांगितलं नाही. त्यांच्यात बोलणं उरलं होतं ते गॅस, चाव्या आणि औषधाच्या गोळ्या एवढ्यापुरतं. भांडण नव्हतं. दोघं एकमेकांच्या आजूबाजूने इतक्या जपून वावरत, की मधे नुकतंच रंगवलेलं, ओलं काही ठेवलंय असं वाटावं.

पुढच्या मंगळवारी कॉलेजला जायचं त्याला काही कारण नव्हतं, तपासणी महिन्यातून एकदाच असते. पण तो साडेदहालाच तिथे पोचला. ऑफिसात म्हणाला, एक आवाज येत होता, बघून घेतो. मशीनरूममध्ये जाऊन त्याने पॅनेल उघडलं, ज्याच्यावाचून डबा हलत नाही असा एक रिले काढून खिशात टाकला आणि तळमजल्यावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लावली. हे करताना त्याला आपलीच लाज वाटली नाही याचं त्याला पुढे नवल वाटलं. एकतीस वर्षांत चांगली लिफ्ट त्याने एकदाही बंद ठेवली नव्हती. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला एकदा तो मशीनरूममध्ये घेऊन गेला होता. मोठं चाक फिरताना बघून पोरगं भिंतीला चिकटून उभं राहिलं आणि विचारू लागलं, मधेच थांबली तर? त्याने सांगितलं होतं, माझी लिफ्ट मधे थांबत नाही. मुलगा म्हणाला, पण थांबली तर? पुन्हा तेच उत्तर दिलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा गप्प बस म्हणाला असेल. म्हणाला असेल, आठवत नव्हतं.

चौथ्या मजल्यावर अवजारांची पेटी उघडून तो वर्गाच्या दाराशी बसला. बाईंनीच त्याला आत बोलावलं. म्हणाल्या, पार्ट येईपर्यंत पंख्याखाली बसा, आमचं ऐकून कंटाळलात तर झोपा, मुलंही झोपतात. तो शेवटच्या बाकावर बसला. त्या दिवशी एका मुलाने वर्गसंघर्षाच्या अंगाने वाचन केलं. गाण्यातलं वर आणि खाली म्हणजे समाजाच्या पायऱ्या, मधे थांबलेला म्हणजे शिकलेला पण नोकरी नसलेला तरुण, आणि ते हात म्हणजे त्याला पोसणारं आणि त्यामुळे त्याच्यावर हक्क सांगणारं श्रमाचं जग. दुसरी एक मुलगी म्हणाली, गायकाचा चेहरा आपल्याला एकदाही समोरून दिसत नाही, मान दिसते, खांदा दिसतो. त्याच्याकडे बघितलं जावं असं त्याला वाटत नाही. मेकॅनिक पडद्यावरच्या मानेकडे बघत होता. मानेवर, केसांच्या खाली, एक तीळ होता. हा तीळ त्याला माहीत होता का? असणारच. अंघोळ घातली होती कधीतरी, खांद्यावर घेऊन फिरलो होतो. पण तीळ आठवेना. त्याला वाटलं, या वीस पोरांनी हा तीळ माझ्यापेक्षा जास्त वेळा बघितलाय.

तो आठवडा त्याने मोरीच्या त्या दिवसाभोवती काढला. तेवढं त्याला आठवत होतं. सुट्टीच्या दिवशी तातडीचं बोलावणं आलं होतं, तो दुपारी घरी येऊन हात धूत होता. मुलगा फोन घेऊन मोरीच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, थांबा जरा, हात असेच ठेवा. आणि तो थांबला होता. नक्की थांबला होता. पाणी गार होतं, बोटांची टोकं बधिर झाली होती, तरी त्याने हात हलवले नव्हते. हे आठवून त्याला बरं वाटायचं. पण पडद्यावर तसं नव्हतं. पडद्यावर दोन सेकंद हात दिसत आणि मग ते मागे घेतले जात, चौकटीबाहेर. तीनदा दिसत आणि तिन्ही वेळा निघून जात. मग थांबलो होतो ते कुठे गेलं? की थांबलो होतो हे आठ महिन्यांत मीच बनवलं? रात्री झोपण्याआधी आणि सकाळी दाढी करताना तो हात नळाखाली धरून बघायचा, कुठवर धरवतात ते.

तिसऱ्या मंगळवारीही रिले त्याच्या खिशात होता. मधल्या आठवड्यात त्याने तो परत बसवलाच नव्हता; ऑफिसात सांगून टाकलं होतं की दोर बदलावे लागतील. पावणेअकराला जिना चढताना दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे त्याला एक मुलगी पायरीवर बसलेली दिसली. शेजारी कुबडी भिंतीला टेकवलेली होती. ती वर्गात पुढच्या बाकावर बसायची, त्याने तिला बघितलं होतं, पण ती बसलेलीच असायची, त्यामुळे कुबडी त्याच्या ध्यानात आली नव्हती. निदान तो स्वतःला तसं सांगत होता. ती उजव्या हाताचा तळवा डाव्या अंगठ्याने चोळत होती. तळव्यावर लाल वळ उठला होता.

“काका, अजून किती दिवस?” तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, बस कधी येणार असं विचारावं तसं विचारलं.

तो म्हणाला, पार्ट आला नाही. मग तिची पिशवी उचलली. तिने ती द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. चढताना ती बोलत होती, बहुधा दम लपवायला. म्हणाली, वर्गात मला टकटक म्हणतात, नाव मीच ठेवलंय, दुसऱ्या कुणी ठेवायच्या आत. आज वर्गात बोलायची पाळी तिची होती. त्या हातांवर बोलायचं होतं तिला, पूर्ण वीस मिनिटं नुसत्या हातांवर. तो एका पायरीवर थांबला. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याने विचारलं, ते हात कुणाचे आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे का?

“त्याने काही फरक पडत नाही काका,” ती म्हणाली. “आमच्यात असं मानतात की लेखक मेलेला असतो. म्हणजे ज्याने केलं त्याला काय म्हणायचं होतं, हे विचारायचंच नाही. समोर आहे त्यावरून आपण अर्थ लावायचा.” मग तिच्या काहीतरी लक्षात आलं आणि ती म्हणाली, “हा तर खरंच गेलाय म्हणे. पण आपण त्यात शिरायचं नाही.”

मेकॅनिक उरलेल्या पायऱ्या चढला. मुलीला बाकावर बसवून, पिशवी तिच्या पायाशी ठेवून तो वर मशीनरूममध्ये गेला, खिशातला रिले जागेवर बसवला, डबा एकदा वरपासून खालपर्यंत नेऊन आणला आणि पाटी काढून टाकली. हे करताना स्क्रू दोनदा निसटून खाली पडला. मग तो परत येऊन शेवटच्या बाकावर बसला. बाईंनी विचारलं, झालं का काम? त्याने मान हलवली. तरी तो उठला नाही आणि त्याला कुणी उठवलं नाही.

टकटक बसूनच बोलली. तिने हातांचा शॉट पंधरा वेळा तरी लावला. म्हणाली, हात तीनदा येतात, पण शॉट एकच आहे. तिसऱ्यांदा तो अर्धा सेकंद आधी कापलाय, त्यामुळे हात जास्त घाईने गेल्यासारखे वाटतात. म्हणजे हा निरोप नाही, हा नकार आहे. गायक प्रत्येक कडव्यानंतर या हातांकडे येतो आणि हात प्रत्येक वेळी निघून जातात. साबण आहे, पाणी आहे, पण हात स्वच्छ होताना आपल्याला दाखवलेले नाहीत. मेकॅनिकच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं. त्याला उठून सांगावंसं वाटलं की मी थांबलो होतो, पाणी गार होतं. त्याने हात बाकाच्या खणात घातले. मग ती मुलगी म्हणाली, आता एक गोष्ट ऐका, आणि तिने आवाज मोठा केला. या व्हिडिओत गाण्याच्या खाली खोलीचे आवाज आहेत. खुर्ची करकरते, खिडकी वाजते, बाहेर कुणीतरी शिंकतं. सगळ्या शॉट्सना आहेत. फक्त इथे नाहीत. नळ चालू आहे आणि पाण्याला आवाज नाही. इथला आवाज काढलाय. का काढला ते मला माहीत नाही. पण माझ्या मते या गाण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, जी इथून काढलीय.

बाईंनी तिला फार चांगलं म्हटलं. मुलांनी बाकं वाजवली. तास सुटल्यावर मेकॅनिक तिच्याजवळ गेला आणि त्याने विचारलं, हे कापायचं-जोडायचं काम कुणी केलं? शेवटी नाव येतं ना, ती म्हणाली, मी भेटूनही आले त्याला, आणि तिने वहीच्या कागदावर पत्ता लिहून दिला. का हवाय ते विचारलं नाही. लिफ्टने खाली जाताना तिने त्याला अंगठा वर करून दाखवला.

कापायचं काम करणारा मुलगा दाढीवाला होता आणि एका चपलांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत राहायचा. खिडकीला काळा कागद लावलेला, टेबलावर दोन पडदे, कोपऱ्यात न धुतलेले कप. दार उघडल्यावर त्याने मेकॅनिकच्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं नाही. मग त्याची नजर खाली गेली, नखावर. गाणं जोडताना दोन आठवडे तो त्या हातांकडे बघत बसला होता. तो बाजूला झाला. म्हणाला, या काका. चहा करू का म्हणाला, आणि करायला मात्र उठला नाही. मेकॅनिकने आडवळणं घेतली नाहीत. म्हणाला, मोरीतलं पूर्ण चित्रीकरण असेल तर बघायचंय. आवाजासकट. दाढीवाल्याने टेबलावरचा माऊस उगाच सरकवला. मग म्हणाला, त्यात विशेष काही नाही, उगाच त्रास होईल. आणि मग, मेकॅनिक हलत नाही असं बघून: “नको काका. मी तुमच्या मुलासारखा आहे. नका बघू.”

“लाव,” मेकॅनिक म्हणाला.

चित्र हलत होतं, फोन हातात धरलेला असल्यामुळे. पाण्याचा आवाज इतका मोठा होता की दाढीवाल्याने तो कमी केला. हात आले. मुलाचा आवाज आला, अगदी जवळून, जणू या खोलीतच: बाबा, थांबा जरा, हात असेच ठेवा. हात थांबले. थांबले होते तर. मेकॅनिकचा श्वास मोकळा झाला. मग त्याचा स्वतःचा आवाज आला. चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर बरं झालं असतं. काम उरकता उरकता, साबणाची वडी फिरवता फिरवता, माणूस सहज बोलतो तसा तो आवाज म्हणत होता, सकाळपासून हे वाजवणं, आता हे चित्र काढणं, खरं सांगू का, तू नसतास ना, तरी या घरात कुणाचं काही अडलं नसतं. त्यानंतर पाणीच पाणी. हात नळाखाली होते. ते तसेच राहिले, दहा सेकंद, वीस, चाळीस, गार पाण्याखाली, सांगितल्याप्रमाणे, अजिबात न हलता. शेवटी मुलगा म्हणाला, झालं बाबा, थँक्यू. आणि हात मागे गेले.

त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं नाही. हे वाक्य त्याला आठवत नव्हतं. आता ऐकल्यावरसुद्धा आठवत नव्हतं. आवाज त्याचा, शब्द त्याचे, ‘खरं सांगू का’ ही तर त्याची सवय, आणि तरी ते त्याच्या आत कुठे सापडेना. हात थांबवले होते हे आठ महिने जपून ठेवलं होतं, आणि त्याच मिनिटातलं हे गळून पडलं होतं. आणखी किती असतील? चोवीस वर्षं. जेवताना, बूट घालताना, दार लावता लावता. त्यांतलं एकच फोनमध्ये सापडलं, कारण नेमका त्या वेळी फोन चालू होता.

दाढीवाला खाली बघून बोलत होता. म्हणाला, मीच त्याला सांगितलं होतं की हा आवाज ठेव, याने गाणं कुठल्या कुठे जाईल. तेव्हा तो माझ्यावर भडकला, एवढा भडकलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. मेकॅनिकने विचारलं, काय म्हणाला?

“म्हणाला, हात घे. ते व्हिडिओत नको. ते माझं आहे.”

मेकॅनिक चालत घरी आला. बस दोन गेल्या, त्याने हात केला नाही. ते माझं आहे. बापाला सांभाळून घेतलं, असा याचा अर्थ होतो. बापाने दिलेलं दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही, आतच ठेवायचं, असाही होतो. नुसता चिडून बोलला, असाही. वर्गात बसून तो शिकला होता की एका खुणेचे चार अर्थ लागतात, आणि बाई म्हणायच्या की हीच तर मजा आहे. एका चौकात उभा राहून तो चारही अर्थ एकेक करून लावून बघत राहिला. कोणत्याही अर्थाने लावलं तरी वाक्य त्याचंच राहत होतं. फॉल्ट सापडला होता असं म्हणावं तर त्याचंही समाधान नव्हतं. एका वाक्याने कुणी जात नाही, हे त्यालाही कळत होतं, दाढीवाल्याने दारापर्यंत येऊन तेच दोनदा सांगितलं होतं. पण नाहीच जात, असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं. दोर कोणत्या तंतूपाशी तुटला हे तुटल्यानंतर कळत नाही. सगळेच तंतू तुटलेले असतात.

घरी बायको खिडकीपाशी बसून त्याच्या खाकी शर्टाला गुंडी लावत होती. उन्हं कलली होती, पण दिवा लावावा इतकं झाकोळलं नव्हतं. त्याने बूट काढले आणि पलंगाच्या कडेवर बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो तिच्याशी सलग बोलला. कॉलेजचं सांगितलं, लिफ्ट बंद ठेवली ते सांगितलं, कुबडीवाल्या मुलीचं सांगितलं. ती मान वर न करता ऐकत होती. मग तो म्हणाला, ते मोरीतलं, त्यात माझा आवाज आहे.

“हो,” ती म्हणाली.

त्याला वाटलं तिला कळलं नाही. तो पुन्हा सांगायला लागला, की त्यांनी आवाज काढून टाकलाय, पण मूळ चित्रीकरणात आहे. तिने सुई शर्टात तशीच टोचून ठेवली. म्हणाली, “मी आतच होते. कपड्यांच्या घड्या घालत होते.”

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा बारीक आवाज येत राहिला आणि थांबला. तो म्हणाला, मग इतके दिवस तू बोलली नाहीस. त्यात आरोप नव्हता, नुसतं तोंडातून निघालं. ती त्याच्याकडे बघायला लागली. दोष देणारी नजर नव्हती ती. एवढी वर्षं बघत आलेल्या माणसाच्या तोंडावर आपण काही चुकीचं वाचलं की काय, असं बघत होती.

“मला वाटलं, तुम्हाला आठवतंय,” ती म्हणाली. “आठवतंय म्हणूनच बोलत नाही, असं मी धरून चालले होते. म्हटलं, आपणहून विषय काढायचा नाही.”

त्याने मान हलवून नाही म्हटलं. आठवत नव्हतं. त्याने विचारलं, आणि तो? त्याच्यानंतर तो काय म्हणाला?

“काही नाही म्हणाला. आत आला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, तर नेहमीसारखंच होतं. मग जेवायला बसला.” तिने सुईतला दोरा बोटाला गुंडाळला. “दोनदा मागून घेतलं त्याने. मी म्हटलं, मागून खाल्लं म्हणजे मनाला लावून घेतलेलं नाही. म्हणून मी काही विचारलं नाही. उगाच कशाला उकरा, म्हटलं. तुमचं तुम्ही विसरलात. मी ऐकलं होतं, आणि मी त्याच्या ताटाकडे बघून ठरवलं, की ठीक आहे.”

तो तिच्याजवळ जाऊन बसला नाही. मधे खोलीभर अंतर होतं आणि ते ओलांडून काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. अंधार पडत चालला तरी दोघांपैकी कुणी दिव्यासाठी उठलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, त्या दिवशी जेवायला काय होतं?

शर्ट मांडीवर तसाच ठेवून ती आठवत बसली. तो थांबून राहिला. तिला आठवलं नाही.